स्ट्रायकर जेएसचं प्लगइन लोड होतं, एरर येत नाही, तरी सगळे म्युटंट जिवंत: कुठून बघायला सुरुवात करायची

स्ट्रायकर जेएस हे म्युटेशन टेस्टिंगचं टूल आहे, ते तुमच्या कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड (म्युटंट) घालतं आणि टेस्ट ते पकडतात का बघतं: पकडला तर किल, नाही तर सर्व्हाईव्ह. त्यासाठी प्लगइन लिहिणारा माणूस मदत मागायला येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कोड तर बरोबर आहे, पण चालत नाहीये." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा कोड खरंच बरोबर असतो. फक्त तो ज्या प्रोसेसमध्ये चालतोय असं वाटतं तिथे चालत नसतो, किंवा जेव्हा चालायला पाहिजे तेव्हा चालत नसतो. मी स्वतः दोन टेस्ट रनर (टेस्ट चालवणारं प्लगइन), एक रिपोर्टर (निकाल लिहिणारं) आणि बरेच इग्नोरर (कोडचा काही भाग म्युटेशनमधून वगळणारं) लिहिलेत, दुसऱ्यांचे दुरुस्त केलेत ते वेगळेच, आणि दर वेळी फिरून फिरून त्याच जागांवर आलोय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

एक आधीच सांगतो, ऑप्शनची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने.

लक्षणं

यातलं एक तरी तुमचं असणार:

- "टेस्ट रनर प्लगइन सापडलं नाही, इन्स्टॉल करायला विसरलात का" अशा अर्थाची एरर, आणि फोल्डर तर नोड मॉड्यूल्समध्ये डोळ्यासमोर दिसतोय.
- प्लगइन लोड होताना "कॉन्ट्रिब्यूट केलं नाही" अशी वॉर्निंग, किंवा तुमच्या स्वतःच्या सेटिंगवर "अनोळखी ऑप्शन" म्हणून वॉर्निंग.
- कन्सोल लॉग टाकला, काहीच दिसत नाही, म्हणजे प्लगइन चालतच नाही असं वाटतं.
- ड्राय रन (म्युटंट चालू न करता टेस्टची पहिली फेरी) एकदम हिरवा, टेस्टची संख्या पण बरोबर, आणि नंतर एकूण एक म्युटंट सर्व्हाईव्ह.
- याच्या उलट, एकूण एक म्युटंट किल. याची तक्रार सहसा कोणी करत नाही, उलट पार्टी मागतात, पण हा पण बिघाडच आहे.
- सगळीकडे "नो कव्हरेज", म्हणजे म्युटंटपर्यंत एकही टेस्ट पोचत नाही.
- एक वर्कर असला तर चालतं, जास्त झाले की टाइमआउट.
- रिपोर्टरने लिहिलेली फाइल रिकामी किंवा अर्धी.

खालचा क्रम स्वस्तापासून महागापर्यंत आहे. पहिले तीन-चार मुद्दे दहा मिनिटांत होतात आणि निम्म्याहून जास्त लोक तिथेच सुटतात, त्यामुळे "मला माहितीये ते" म्हणून उडी मारू नका, मी मारलेली आहे आणि अख्खी दुपार घालवलेली आहे.

आधी दिसायला तर पाहिजे: लॉग

टेस्ट रनर आणि चेकर (टेस्टच्या आधी म्युटंट तपासून निकामी असलेले बाजूला काढणारं प्लगइन) मुख्य प्रोसेसमध्ये चालत नाहीत, स्ट्रायकर त्यांच्यासाठी वेगळ्या चाइल्ड प्रोसेस उघडतो. तुमचा कन्सोल लॉग त्या चाइल्ड प्रोसेसच्या आउटपुटमध्ये जातो आणि तो सरळ तुमच्या टर्मिनलवर येत नाही. त्यामुळे "काही छापलं नाही म्हणजे कोड चालला नाही" हा निष्कर्ष इथे लागूच होत नाही. रिपोर्टर आणि इग्नोरर मात्र मुख्य प्रोसेसमध्येच चालतात, म्हणून त्यांचा कन्सोल लॉग दिसतो, आणि म्हणून रिपोर्टर लिहून आलेला माणूस टेस्ट रनर लिहायला घेतो तेव्हा हमखास गोंधळतो.

काय करायचं: कॉन्स्ट्रक्टरमध्ये लॉगर मागून घ्या (कसा ते पुढे येतंय) आणि त्यातूनच लिहा. फाइललॉगलेव्हल ट्रेसवर ठेवा म्हणजे लॉग फाइलमध्ये सगळं उतरतं, कन्करन्सी (एकाच वेळी किती वर्कर प्रोसेस) १ करा, आणि म्युटेट ऑप्शनमध्ये एकच फाइल द्या, शक्यतो तिच्यातल्या पाच-दहा ओळीच, फाइलच्या नावापुढे कोलन लावून ओळींची रेंज देता येते. हजार म्युटंटवर डीबग करायला बसू नका. फक्त ड्राय रनपर्यंतचाच प्रॉब्लेम असेल तर ड्रायरनओन्ली ऑप्शन आहे, पुढचं सगळं वाचतं.

प्लगइन यादीत आहे का, खरंच?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा. प्लगइन्स ऑप्शनची डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणजे स्ट्रायकर म्युटेटर स्कोपखालची सगळी पॅकेजेस, शेवटी एक स्टार. तुमचं पॅकेज त्या स्कोपमध्ये नाही, म्हणजे आपोआप सापडणार नाही. मग लोक काय करतात, प्लगइन्समध्ये आपल्या प्लगइनचं नाव लिहितात, आपलं सापडतं, आणि जेस्टवाला किंवा मोकावाला रनर गायब होतो, कारण तुम्ही डीफॉल्ट यादी पुसून नवीन लिहिलीत. एकतर दोन्ही लिहा, स्टारवाली ओळ आणि तुमची, नाहीतर अपेंडप्लगइन्स वापरा, तो यादीला हात न लावता तुमचं शेवटी जोडतो.

पीएनपीएम वापरत असाल तर स्टारवर अजिबात विसंबू नका. तो स्टार कोअर पॅकेजच्या शेजारच्या फोल्डरमध्ये बघतो, आणि पीएनपीएम सिमलिंकने पॅकेजेस वेगवेगळ्या जागी ठेवतो, त्यामुळे शेजारी कोणी नसतंच. प्रत्येक प्लगइनचं नाव स्वतः लिहायचं, विषय संपला.

आणि यादीत असणं म्हणजे वापरात असणं नाही! हे दोन वेगळे टप्पे आहेत. यादीमुळे फाइल लोड होते, मग टेस्ट रनर असेल तर टेस्टरनर ऑप्शनमध्ये, रिपोर्टर असेल तर रिपोर्टर्समध्ये, चेकर चेकर्समध्ये आणि इग्नोरर इग्नोरर्समध्ये त्याचं नाव लिहावं लागतं. ते नाव पॅकेजचं नाही, तुम्ही डिक्लेअर करताना दिलेलं नाव. इग्नोररच्या बाबतीत दहापैकी आठ तक्रारी एवढ्याच असतात, प्लगइन लोड झालेलं आहे पण इग्नोरर्स लिहिलंच नाहीये, आणि एरर पण येत नाही कारण स्ट्रायकरच्या दृष्टीने चुकलेलं काहीच नाही.

एक्स्पोर्टचं नाव

मॉड्यूलमधून स्ट्रायकरप्लगइन्स नावाचा ॲरे बाहेर आला पाहिजे, नेम्ड एक्स्पोर्ट म्हणून, डीफॉल्ट नाही. मधला पी कॅपिटल. स्पेलिंग चुकलं किंवा डीफॉल्टमध्ये गुंडाळलं की फाइल लोड होते, पण त्यातून प्लगइन मिळालं नाही अशी वॉर्निंग येते, जी बाकीच्या लॉगमध्ये सहज वाहून जाते. ॲरेच्या आत डिक्लेअरक्लासप्लगइन, डिक्लेअरफॅक्टरीप्लगइन किंवा डिक्लेअरव्हॅल्यूप्लगइन वापरून प्रकार, नाव आणि तुमचा क्लास, फंक्शन किंवा ऑब्जेक्ट द्यायचा. इग्नोररला स्टेट वगैरे काही नसते, म्हणून व्हॅल्यूवालाच पुरतो.

"अनोळखी ऑप्शन" वॉर्निंगचं औषध पण इथेच आहे. स्ट्रायकरव्हॅलिडेशनस्कीमा नावाने जेसन स्कीमा एक्स्पोर्ट केला की तुमचं सेटिंग ओळखीचं होतं, आणि वापरणाऱ्याने चुकीचा टाइप दिला तर सुरुवातीलाच कळतं. हे करायचा कंटाळा करतात सगळे. मी पण केला होता, मग एकाने नंबरच्या जागी स्ट्रिंग दिली आणि आम्ही भलतीकडेच शोधत बसलो.

टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलं असेल तर बिल्ड झालेली फाइल उघडून डोळ्यांनी बघा. स्ट्रायकर जेएस आवृत्ती ६ पासून म्हणजे २०२२ पासून पूर्ण ईएस मॉड्यूलवर आहे. तुमचा बिल्ड कॉमनजेएस काढत असेल आणि एपीआय पॅकेज रिक्वायर करत असेल तर तिथेच अडकू शकतं, आणि "लोड करताना एरर" एवढंच वर दिसतं, खरं कारण ट्रेस लॉगमध्ये.

आवृत्त्या आणि लिंक

एनपीएम एलएस मारून कोअर आणि एपीआय या दोन्हींच्या किती प्रती आहेत ते बघा. एकच असली पाहिजे आणि दोघांची आवृत्ती जुळली पाहिजे. प्लगइनच्या पॅकेज फाइलमध्ये कोअर हे पीअर डिपेंडन्सी म्हणून टाका, साध्या डिपेंडन्सीत टाकलं की दुसरी प्रत येऊ शकते.

एनपीएम लिंकने जोडून टेस्ट करताय? नका करू. लिंकमुळे नोड तुमच्या प्लगइनचा खरा फोल्डर पकडतो आणि तिथून टेस्ट फ्रेमवर्क शोधतो, म्हणजे प्लगइनने एक मोका लोड केला आणि प्रोजेक्टच्या टेस्ट फाइल्सनी दुसरा. एकात हुक लावताय, टेस्ट चालतायत दुसऱ्यात. एनपीएम पॅक करून तयार झालेली टीजीझेड इन्स्टॉल करा, दोन कमांड जास्त आहेत पण जे शेवटी वापरणाऱ्याकडे जाणार तेच तुमच्यासमोर असतं.

इंजेक्शन

स्ट्रायकर टाइप्ड इंजेक्ट नावाची लायब्ररी वापरतो. क्लासवर स्टॅटिक इंजेक्ट नावाचा टोकनचा (काय काय पाहिजे त्या नावांचा) ॲरे असतो आणि त्याच क्रमाने कॉन्स्ट्रक्टरला गोष्टी मिळतात. क्रम! टोकनमध्ये आधी लॉगर मग ऑप्शन्स, आणि कॉन्स्ट्रक्टरमध्ये उलटं, झालं, टाइपस्क्रिप्टमध्ये हे लगेच ओरडतं पण साध्या जावास्क्रिप्टमध्ये गप्प राहतं आणि "लॉगर डॉट डीबग हे फंक्शन नाही" अशी विचित्र एरर देतं. "प्रोव्हायडर सापडला नाही" आलं तर टोकनचं नाव चुकलंय किंवा त्या प्रकारच्या प्लगइनला ती गोष्ट मिळतच नाही.

ऑप्शन्सबद्दल अजून एक. चाइल्ड प्रोसेसला ते जेसन होऊन जातात. कॉन्फिग फाइल जावास्क्रिप्टमध्ये असली की लोक हौसेने त्यात फंक्शन किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन ठेवतात, ते पलीकडे पोचत नाही. स्ट्रायकर वॉर्निंग देतो की हे सेटिंग नीट सिरियलाइज होणार नाही, ती वॉर्निंग खरी माना. फंक्शन पाहिजेच असेल तर त्याच्या फाइलचा पाथ ऑप्शनमध्ये द्या आणि प्लगइनने ती फाइल इम्पोर्ट करावी.

कुठल्या फाइलवर टेस्ट चालतायत?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतोय, सगळे सर्व्हाईव्ह होण्याच्या.

स्ट्रायकर तुमच्या प्रोजेक्टची कॉपी टेम्प फोल्डरमधल्या सँडबॉक्समध्ये करतो, म्युटंट त्या कॉपीत घातलेले असतात, आणि टेस्ट रनरची प्रोसेस त्या सँडबॉक्समध्ये उभी असते. तुमच्या रनरने कुठून तरी मूळ प्रोजेक्टचा ॲब्सोल्यूट पाथ उचलला तर टेस्ट मूळ, स्वच्छ कोडवर चालतात. सगळ्या पास होतात, म्युटंट कोणी बघितलाच नाही, स्कोअर शून्य. तसंच टेस्ट जर डिस्ट फोल्डरमधला आधीच बिल्ड झालेला कोड इम्पोर्ट करत असतील आणि तुम्ही सोर्स म्युटेट करताय, तर बिल्डकमांड दिल्याशिवाय सँडबॉक्समध्ये नवा बिल्ड होतच नाही.

तपासायला सोपं आहे. क्लीनटेम्पडिर फॉल्स करा, रन झाल्यावर सँडबॉक्समधली फाइल उघडा, तिच्यात डोक्यावर स्ट्रायकरची फंक्शन्स आणि मध्ये टर्नरी ऑपरेटरांचं जंगल दिसलं पाहिजे. मग त्याच फाइलच्या वरच्या ओळीत हाताने एक थ्रो टाका आणि सँडबॉक्समध्ये जाऊन टेस्ट चालवा. फुटली नाही तर टेस्ट दुसरीच फाइल वाचतायत.

प्लगइनमध्ये करंट वर्किंग डिरेक्टरी मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. इनिटमध्ये किंवा नंतर वाचा. रिपोर्टरला मात्र प्रोजेक्टचा मूळ फोल्डरच दिसतो, एकच हेल्पर दोघांत वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

म्युटंट जागा होतो का

इथे जरा वेळ घालवतो, कारण रनर लिहिणारे सगळ्यात जास्त इथेच अडकतात आणि हे कुठे एका जागी लिहिलेलं मिळत नाही.

आवृत्ती ४ पासून, म्हणजे २०२० पासून, स्ट्रायकर जेएस प्रत्येक म्युटंटसाठी वेगळी फाइल बनवत नाही. सगळे म्युटंट एकाच वेळी कोडमध्ये घातलेले असतात आणि कोणता चालू ते एका ग्लोबल ऑब्जेक्टवरून ठरतं, ज्याचं नाव __स्ट्रायकर__ असं आहे, दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोअर. त्यावरच्या ॲक्टिव्हम्युटंट प्रॉपर्टीत म्युटंटचा आयडी ठेवला की तो जागा होतो. म्युटंटरनमध्ये (रनरचं एका म्युटंटसाठी टेस्ट चालवणारं फंक्शन) हे काम तुमच्या प्लगइनचं आहे, स्ट्रायकर ते करून देत नाही. आता यात चार खड्डे आहेत.

पहिला, आयडी स्ट्रिंग आहे. तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी होते. तुम्ही नंबर करून ठेवलात तर कधीच जुळणार नाही, आणि एरर येणार नाही.

दुसरा माझा लाडका, कारण याने माझे दोन दिवस खाल्ले. मी प्रत्येक रनच्या आधी स्वच्छता म्हणून अख्खा ग्लोबल ऑब्जेक्ट नवीन करत होतो, छान वाटत होतं, मागचं काही शिल्लक राहायला नको. पण फाइलमध्ये घातलेलं फंक्शन तो ऑब्जेक्ट पहिल्यांदा हाताला लागला की स्वतःकडे धरून ठेवतं, पुढच्या वेळी ग्लोबलकडे परत बघत नाही. म्हणजे मी नव्या ऑब्जेक्टवर आयडी लिहितोय आणि आधीच लोड झालेला कोड जुन्याकडे बघतोय. पहिला म्युटंट किल, बाकीचे सगळे सर्व्हाईव्ह. असा पॅटर्न दिसला की समजायचं हेच आहे. ऑब्जेक्ट बदलू नका, त्याच्यावरची प्रॉपर्टी बदला.

तिसरा, ग्लोबल म्हणजे कोणाचा ग्लोबल? टेस्ट फ्रेमवर्क जर टेस्ट वर्कर थ्रेडमध्ये, वेगळ्या व्हीएम कॉन्टेक्स्टमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा अजून एका चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवत असेल तर तुमच्या प्लगइनचा ग्लोबल आणि टेस्टचा ग्लोबल यांचा काही संबंध नाही. मग आयडी पलीकडे पाठवायची सोय करावी लागते, फ्रेमवर्कच्या सेटअप फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंटमधून. नवीन प्रोसेस दर वेळी उघडत असेल तर सोपं आहे, __स्ट्रायकर_ॲक्टिव्ह_म्युटंट__ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मूळ नाव पूर्ण कॅपिटलमध्ये) इन्स्ट्रुमेंट केलेला (म्युटंट घातलेला) कोड स्वतः वाचतो. डीफॉल्ट कमांड रनर हेच करतो. पण हा व्हेरिएबल सुरुवातीलाच वाचला जातो, चालू प्रोसेसमध्ये मध्येच बदलून उपयोग नाही.

चौथा, कधी जागा करायचा. म्युटंटरनला जे ऑप्शन्स मिळतात त्यात म्युटंटॲक्टिव्हेशन असतं, स्टॅटिक किंवा रनटाइम. स्टॅटिक म्हणजे फाइल लोड व्हायच्या आधीपासून म्युटंट चालू पाहिजे, उदाहरणार्थ फाइलच्या वरच्या पातळीवरचा एखादा कॉन्स्टंट, तो लोड होतानाच ठरतो, नंतर जागा केला तर उशीर झालेला असतो. रनटाइम म्हणजे फाइल्स लोड झाल्यावर, टेस्ट सुरू व्हायच्या अगदी आधी. हे न बघता कायम शेवटी आयडी लावणारा रनर स्टॅटिक म्युटंट कधीच मारू शकत नाही.

केपेबिलिटीज खोटं सांगतायत का

याच्याशीच जोडलेलं. केपेबिलिटीज फंक्शन रीलोडएन्व्हायर्नमेंट ट्रू की फॉल्स ते सांगतं. ट्रू म्हणजे "मला गरज पडली तर मी सगळा कोड नव्याने लोड करू शकतो, तुम्ही प्रोसेस बंद-चालू करायची गरज नाही." फॉल्स सांगितलं तर स्ट्रायकर गरजेप्रमाणे नवीन प्रोसेस देतो. लोक स्पीडच्या मोहाने ट्रू लिहितात आणि रिक्वायर कॅश साफ करतात. कॉमनजेएससाठी ते चालतं. ईएस मॉड्यूलची कॅश साफ करताच येत नाही, दुसऱ्यांदा इम्पोर्ट केलं की जुनंच मॉड्यूल मिळतं, त्यातल्या टेस्ट परत रजिस्टर होत नाहीत, शून्य टेस्ट चालतात, शून्य टेस्ट फेल होतात, म्हणजे म्युटंट सर्व्हाईव्ह. शंका असेल तर फॉल्स. मोकाचा अधिकृत रनर पण फॉल्सच सांगतो, याच कारणाने.

दर रनला किती टेस्ट चालल्या ते लॉगरने छापा, ड्राय रनमध्ये ८० आणि म्युटंटरनमध्ये ० दिसलं की शोध संपला. (टेस्टफिल्टर, म्हणजे त्या म्युटंटशी संबंधित टेस्टच चालवणं, लागल्यामुळे ८० च्या ३ होणं मात्र बरोबर आहे.)

आणि सगळे किल होत असतील तर इथेच उलट बघायचं, दुसऱ्यांदा चालवल्यावर टेस्ट भलत्याच कारणाने फुटतायत का. आधीच्या रनची टेम्प फाइल पडलीये, पोर्ट अडलाय, मॉक परत लावला जातोय. किल झालेल्या पाच म्युटंटचे फेल्युअर मेसेज वाचा. पाचही ठिकाणी तोच मेसेज आणि त्याचा म्युटंटशी संबंध नाही, मग तो १०० टक्के स्कोअर कचऱ्यात.

कव्हरेज आणि टेस्टचे आयडी

परटेस्ट कव्हरेज, म्हणजे कोणती टेस्ट कुठल्या म्युटंटपर्यंत पोचते याची नोंद, डीफॉल्ट आहे. प्रत्येक टेस्टच्या आधी त्याच ग्लोबल ऑब्जेक्टवर करंटटेस्टआयडी ठेवायचा, आणि ड्राय रनच्या निकालात म्युटंटकव्हरेज परत द्यायचं. करंटटेस्टआयडी विसरलात तर सगळं कव्हरेज स्टॅटिक खात्यात जातं, निकाल चुकत नाही पण प्रत्येक म्युटंटला सगळ्या टेस्ट चालतात आणि रन कासवासारखा होतो. रिकामं कव्हरेज परत दिलंत तर स्ट्रायकर त्यावर विश्वास ठेवून सगळ्यांना नो कव्हरेज लावतो.

आयडी दर रनला तोच आला पाहिजे आणि दोन टेस्टचा सारखा नको. काउंटर वापरला आणि टेस्टचा क्रम बदलला की फिल्टर चुकीच्या टेस्ट चालवतो. फाइलचं नाव आणि टेस्टचं पूर्ण नाव जोडून आयडी करा. तात्पुरतं कव्हरेजॲनालिसिस ऑफ करून चालवा, ऑफवर बरोबर आणि परटेस्टवर चूक असेल तर बिघाड याच भागात आहे, बाकी काही उघडू नका.

टाइमआउट

म्युटंटला मिळणारा वेळ म्हणजे ड्राय रनमध्ये त्या टेस्टना लागलेला वेळ गुणिले १.५, अधिक ५००० मिलिसेकंद, अधिक थोडा ओव्हरहेड. तुमच्या रनरने टाइमस्पेंटएमएस शून्य कळवला तर हे गणितच बिघडतं, म्हणून आधी तो आकडा बघा, लगेच टाइमआउट वाढवू नका.

एका वर्करवर चालतं आणि जास्तवर नाही, म्हणजे पोर्ट किंवा डेटाबेस शेअर होतोय. प्रत्येक वर्करला स्ट्रायकर_म्युटेटर_वर्कर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये वेगळा नंबर मिळतो, तो पोर्टमध्ये मिळवा. टाइमआउट झालेली प्रोसेस मारून टाकली जाते, तेव्हा तुमचं डिस्पोज चालेलच असं धरू नका, लॉक फाइलची साफसफाई इनिटमध्ये करा.

अनंत लूपवाले म्युटंट तुमच्या आतल्या टायमरने पकडता येत नाहीत, इव्हेंट लूपच अडकलेला असतो. त्यासाठी हिटलिमिट आहे: ग्लोबल ऑब्जेक्टवर हिटलिमिट आणि हिटकाउंट ठेवायचे, मर्यादा ओलांडली की घातलेला कोड स्वतः एरर फेकतो. मग एपीआयमधलं डिटर्मिनहिटलिमिटरीच्ड वापरून निकाल टाइमआउट म्हणून द्या.

रिपोर्टर, चेकर, इग्नोरर, पटकन

रिपोर्टरची फाइल अर्धी: ऑनम्युटेशनटेस्टरिपोर्टरेडीमध्ये लिहायला सुरुवात केली आणि प्रॉमिस सोडून दिलं. ते प्रॉमिस क्लासमध्ये ठेवा आणि रॅपअपमधून परत करा, स्ट्रायकर रॅपअपसाठी थांबतो. रिपोर्टरमधली एरर रन पाडत नाही, फक्त लॉग होते, म्हणून "चाललं की" असं वाटतं.

चेकरच्या चेकला म्युटंटचा ॲरे येतो आणि उत्तरात त्यातला प्रत्येक आयडी पाहिजे, एक गाळला तरी चालत नाही. जुनी उदाहरणं बघून एकच म्युटंट येईल असं धरू नका.

इग्नोररच्या शुडइग्नोरने कारण म्हणून स्ट्रिंग परत द्यायची, आणि तो नोड इग्नोर झाला की त्याच्या पोटातलं सगळं इग्नोर होतं. जास्तच म्युटंट गायब झाले तर तुमची अट फार वरच्या नोडला लागतेय.

शेवटचा आणि महाग उपाय: डीबगर

टेस्टरनरनोडआर्ग्समध्ये इन्स्पेक्ट-ब्रेक द्या, कन्करन्सी १, टाइमआउट भरपूर वाढवा, नाहीतर तुम्ही ब्रेकपॉइंटवर विचार करत असताना स्ट्रायकर प्रोसेस मारून टाकतो. चेकरसाठी चेकरनोडआर्ग्स. म्युटंटरनमध्ये थांबून कन्सोलमध्ये ग्लोबल ऑब्जेक्ट बघा, मग टेस्टच्या आत थांबून परत बघा. दोन्हीकडे तोच आयडी दिसला पाहिजे.

इथे थांबा

नवीन प्रकारचा म्युटेशन प्लगइनमधून घालायचा असेल तर आत्ताच थांबा. म्युटेटर आणि ट्रान्सपायलर ही प्लगइनची जातच आवृत्ती ४ मध्ये काढली गेली, जुनी ट्युटोरियल्स वाचून प्रयत्न करणारे अजून भेटतात. त्यासाठी मूळ रेपोत बदल सुचवावा लागेल.

टेस्ट फ्रेमवर्क "प्रत्येक टेस्टच्या आधी" असा हुक देतच नसेल किंवा टेस्ट कुठल्या प्रोसेसमध्ये चालतात यावर तुमचा ताबाच नसेल, तर रनर लिहू नका. कमांड रनर वापरा, हळू चालेल पण खोटं सांगणार नाही. नाहीतर त्या फ्रेमवर्कच्या मेंटेनरशी आधी बोला.

प्लगइन पूर्ण काढून कमांड रनरवर पण तोच म्युटंट चुकीचा निकाल देत असेल, किंवा सँडबॉक्समधली फाइल सिंटॅक्स एरर देत असेल, तर बिघाड इन्स्ट्रुमेंटरमध्ये आहे, तुमच्यात नाही. वर्कअराउंड लिहीत बसू नका, स्ट्रायकरच्या रेपोत इश्यू टाका. त्यात चार गोष्टी द्या: एक सोर्स फाइल आणि एक टेस्ट असलेला छोटा प्रोजेक्ट, नोड आणि कोअरची आवृत्ती, ट्रेस लेव्हलची लॉग फाइल, आणि सँडबॉक्समधली ती इन्स्ट्रुमेंट झालेली फाइल. लॉग टाकण्याआधी त्यातले टोकन आणि पासवर्ड काढा, टेस्टच्या फेल्युअर मेसेजमधून ते आरामात बाहेर येतात.